घोड्याच्या शेपटीचा केस

माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला, सदऱ्याच्या कॉलरच्या जरा वर, काजूच्या बीएवढं एक बोंड आहे. जन्मापासूनचं. वरून कातडी, आत काहीतरी टणक. चिमटीत धरलं की सुपारीसारखं लागतं आणि निसटतं. या बोंडावर मी चाळीस वर्षं संसार केला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

मी शिडाची होडी चालवतो. जेटीवरून माणसं भरायची, पाण्यातल्या किल्ल्यावर न्यायची, पाऊण तास हिंडू द्यायची आणि परत आणायची. येता-जाता तोंड चालवायचं. त्याला वारा लागत नाही. वारा पडला की होडी अर्ध्या वाटेत झुलत राहते आणि शहरातली माणसं एकमेकांचे हात धरायला लागतात. तेव्हा मी मान वळवून बोंड दाखवतो.

पुण्याची मंडळी असली की ती तोफेच्या गोळ्याची कपची. माझ्या खापरपणजोबांच्या गळ्यात घुसली, ती काढायला वैद्य मिळाला नाही, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात प्रत्येक पोर आपापली कपची घेऊनच जन्माला येतं. पुण्याचा माणूस पुरावा मागतो. मी म्हणतो, दाबून बघा. तो दाबतो, टणक लागतं, पुराव्याचा प्रश्न मिटतो. व्यापारी कुटुंब असलं की तो मोती. लहानपणी जिवंत कालव गिळलं, ते घशात बसलं आणि आतल्या आत मोती धरला. एक शेठ मला अख्खा किल्ला फिरून होईपर्यंत समजावत होते की काढून घे, मुंबईत माझ्या ओळखीचा जवाहिऱ्या आहे. कॉलेजची पोरं असली की मुशीचा दात. मुशी म्हणजे आमच्याकडची शार्क. "तिने मला धरलं, मी तिला धरलं. शेवटी तिचा दात माझ्याकडे राहिला आणि माझी चड्डी तिच्याकडे." या वाक्यावर होडी इतकी हलते की शिडाची गरज पडत नाही.

लोक हसायला लागले की मी त्यांच्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो. माझा जोडीदार म्हणतो, हा स्वतःच्याच थापांना लाजतो. लाजत नाही. हसताना माणसाचे ओठ मागे ओढले जातात, दात दिसतात, आणि एका होडीत वीस-पंचवीस तोंडं तशी झाली की त्यातलं एक मला ओळखीचं वाटतं. परतीच्या वेळी कोणी किल्ल्यावर राहू नये म्हणून आम्ही डोकी मोजतो. माझी मोजणी कायम एकाने जास्त भरते. मग जोडीदार मोजतो, ती बरोबर येते, आणि आम्ही निघतो.

तर या सगळ्या पाण्यावरच्या गोष्टी. पाण्यावर बोललेलं पाण्यात विरतं, त्याचा जाब कोणी विचारत नाही. घरात मात्र मी एकच गोष्ट सांगत आलो, आणि ती सगळ्यांत साधी होती म्हणून सगळ्यांना खरी वाटली. ती अशी, की मला जन्मतः दोन बोंडं होती. एक डावीकडे, एक उजवीकडे, शेळीच्या गळ्याला लोंबतात तशी. आमच्याकडे चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. रोज एक गाठ आवळायची. चामखीळ सुकते आणि गळून पडते. मी दहा वर्षांचा असताना टांग्याच्या पांढऱ्या घोड्याचा केस उपटला, उजव्या बोंडाला बांधला आणि चौथ्या दिवशी ते पडलं. दुखलं नाही, रक्त नाही, खूणसुद्धा नाही.

"मग डावीकडचं का नाही काढलंस?" लेक लहानपणी विचारायची.

"घोडा मेला ना."

ती खदखदून हसायची आणि परत पहिल्यापासून सांग म्हणायची. किती वेळा सांगितली असेल देव जाणे. गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत होते, समुद्रातल्या काचेसारखी. हातात धरली तरी कापत नाही.

मला उजवीकडे बोंड कधीच नव्हतं. ते माझ्या धाकट्या भावाला होतं.

नात झाली ती दोन्ही बाजूंना बोंडं घेऊनच. दोन इवलेसे मोगऱ्याचे कळे लावावेत तशी. अलिबागच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, पण वर्षाच्या आत गळ्याची आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. आत किती खोल गेलंय ते बाहेरून कळत नाही. जावई कतारला असतो, म्हणून लेक आणि नात माझ्याकडेच राहतात. लेक म्हणाली, बघू. बाबांचं एक तर नुसत्या केसाने पडलं होतं, कशाला एवढ्याशा पोराला मशिनीखाली घालायचं. मी तिथेच कोळंबी सोलत बसलो होतो. मी कोळंबी सोलली. चांगली दोन किलो सोलली आणि एक शब्द बोललो नाही.

वर्षाची तीन वर्षं झाली. पोरगी बालवाडीत जायला लागली आणि तिथली पोरं तिला बघून "बें बें" करायला लागली. शेळी दिसली की पोरं तसं करणारच, त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या वेळीही करायची.

एका दुपारी मी जेटीवरून घरी आलो तर पोरगी ओट्यावर भाकरीचा तुकडा चघळत बसलेली. गळ्याला रुमाल गुंडाळलेला. एवढ्या उकाड्यात रुमाल कशाला म्हणून मी सोडला. उजव्या बोंडाच्या मुळाशी एक पांढरा केस आवळलेला होता. वरचं बोंड जांभळं पडलं होतं आणि केसाखालची कातडी ओली दिसत होती.

"हे कोणी केलं?"

"मी," लेक आतून म्हणाली. "रविवारी काशीदला गेलो होतो ना, हिला घोड्यावर बसवलं. तेव्हा घोडेवाल्याकडून मागून घेतला. पांढऱ्याचाच आहे, तू सांगतोस तसा. आज तिसरी गाठ मारायची."

"रडली न्हाय?"

"पहिल्या दिवशी जरा. मग मी म्हटलं, आजाने पण केलं होतं. म्हणाली, मग कर."

पोरगी माझ्याकडे बघून हसली. मी तिच्याशेजारी ओट्यावर बसलो.

भाऊ साडेपाच वर्षांचा होता. जूनमध्ये पहिलीत जायचा होता आणि त्याला शाळेची भीती एकाच कारणाने वाटायची, ते कारण त्याच्या गळ्याला उजवीकडे होतं. "दादूस, ते मला शेळी म्हणतील." मी म्हटलं, शाळा सुरू व्हायच्या आत काढून टाकतो. दहा वर्षांचा मोठा भाऊ म्हणजे काय असतो ते साडेपाच वर्षांच्या पोराला विचारा. देव त्याच्यापुढे हेलपाट्याचा हमाल. मेची सुट्टी होती. मी टांग्याच्या घोड्याचा केस आणला, लाथ चुकवून. रोज दुपारी आम्ही सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे बसायचो आणि मी एक गाठ आवळायचो. तो माझा गुडघा दातात धरायचा, पण ओरडायचा नाही. ओरडलास तर आय बघेल आणि गाठ सोडेल, असं मी सांगून ठेवलं होतं.

बोंड पडलं नाही. कातडी कापली गेली आणि आतलं टणक तसंच राहिलं. मी आणखी आवळलं. मग वास यायला लागला आणि आयच्या लक्षात आलं.

"काय झालं रं ह्याच्या गल्याला?"

"खडकावर पडला," मी म्हणालो. "कालव लागलं."

माझ्या आयुष्यातली ती पहिली थाप. कालवाची शिंपली वस्तऱ्यासारखी कापते, त्यामुळे ती चांगली बसली. आयने हळद भरली. सुजेत रुतलेला केस हळदीखाली गेला. चार-पाच दिवसांनी सकाळी तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली, तर तो तोंड उघडेना. ओठ मागे ओढलेले, दात दिसत होते, भुवया वर. आय म्हणाली, खा ना रं. मी म्हणालो, "तो हसतोय, आय. मस्करी करतोय."

दुपारपर्यंत त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली. गावातल्या भगताने पाण्यातलं लागलंय म्हणून सांगितलं, नारळ फोडला. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपली ती वाटेतून परत आली. दोन दिवस तो हसत होता. मी त्याच्यासमोर बसायचो आणि मनात म्हणायचो, आता बस झालं.

त्याला आंघोळ घालायच्या आधी मी तो केस दातांनी तोडला. हातात लपवणार तेवढ्यात आय पाणी घेऊन दारात आली. मी तो तोंडात टाकला आणि गिळला.

त्याला आता पन्नास वर्षं झाली. केस अजून उतरलेला नाही. सकाळी उठल्यावर घशात आडवा असतो. मी खाकरतो, चूळ भरतो, दोन बोटं घालतो; लेक म्हणते, बाबा, बिडी सोडून किती वर्षं झाली, तुझा खोकला काही सुटत नाही. आणि आयने त्यानंतर कालवं काढायला जाणं बंद केलं. त्याआधी पोरांना खडकात कालवं आणायला तीच पाठवायची. ती गेली तोपर्यंत आमच्या घरात कालव शिजलं नाही. मरताना ती माझा हात धरून म्हणाली, मी त्याला खडकात पाठवायला नको होतं. तेव्हा मी चाळिशीला आलेला, दोन होड्यांचा धनी, अख्ख्या जेटीला हसवणारा. मी म्हणालो, तुझा दोष न्हाय, आय. एवढंच म्हणालो.

असा मी, आणि समोर नात, गळ्यात तोच केस. आता तरी खरं सांगेन असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं.

"घोडा होता की घोडी?" मी लेकीला विचारलं.

"काय?"

"केस. घोड्याचा का घोडीचा?"

"ते कोण बघतं, बाबा!"

"बघावं लागतं. घोडीचा केस उलटा लागतो. बोंड वाढतं, नारळाएवढं होतं. चौलच्या एका बाईचं झालं होतं, उशाशी वेगळी उशी लागायची."

ती जरा हसली, जरा घाबरली, आणि नेलकटर घेऊन आली. मी केस कापला. कातडीत खाच पडली होती आणि खाचेत पू. म्हणालो, हे आता डॉक्टरला दाखवावं लागेल. म्हणजे पोरीचा गळा मी सोडवला तोही थापेने. त्या रात्री मी स्वतःला चांगलंच शाबास म्हटलं असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने अलिबागला गेलो. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी जखम बघून लेकीला असं काही झापलं की बाहेर बसलेली चार पोरं रडायची थांबली. घोड्याचा केस हा शब्द ऐकल्यावर त्यांनी आधी पोरीचं लसीचं कार्ड मागितलं, नीट वाचलं, धनुर्वाताच्या सगळ्या लसी झाल्यात म्हणून श्वास सोडला, आणि वर आणखी एक इंजेक्शन दिलंच. मग औषध लिहून दिलं आणि शेजारच्या सोनोग्राफीला पाठवलं. आता टाळायचं नाही म्हणाले.

सोनोग्राफीच्या मॅडम बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. खोलीत पडदे लावलेले, मशीन निळसर उजेडात गुरगुरत होतं. पोरीने ते पाहिलं आणि दार धरून जी किंकाळी फोडली ती समुद्रावर असती तर मासेमारी बंद झाली असती.

"आधी आजाला," ती म्हणाली. "आजाला कर."

मॅडमनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. "तुम्हालाही आहे की! झोपा. ती बघेल आणि मग तयार होईल."

मी झोपलो. पोरीला सांगितलं, हा दांडा म्हणजे आंधळा डॉल्फिन आहे. त्याला दिसत नाही म्हणून तो नाक घासून ओळखतो, आणि हे त्याचं शेंबूड. थंडगार जेल गळ्यावर पडलं. पोरगी हळूहळू जवळ आली. आणि मी, जो भर वादळात शीळ घालतो, त्या पलंगावर घामाघूम झालो. कारण मला एकाएकी खात्री झाली की मशिनीला तो केस दिसणार. पडद्यावर गळा दिसेल आणि गळ्यात आडवा, पांढरा, आठ गाठींचा.

"इकडे बघा," मॅडम म्हणाल्या. मी डोळे उघडले. पडद्यावर राखाडी पाऊस पडत होता. पावसात एक काळसर बदाम, त्याला बारीक पांढरी कड. "ही तुमची कूर्चा. कानाच्या वरच्या भागात मऊ हाड असतं ना, वाकतं ते, तसलीच. आईच्या पोटात बाळ अगदी लहान असतं तेव्हा त्याच्या मानेला माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्या असतात. त्यांतूनच पुढे कान होतो, जबडा होतो, गळा होतो. फार क्वचित कधी कानाचा एखादा तुकडा खालीच राहून जातो."

"आम्ही कोळी, मॅडम. आमच्यात कल्ले राहणारच."

त्या हसल्या नाहीत. मलाही हसू येत नव्हतं. साठ वर्षं माझ्या गळ्याशी कानाचा तुकडा बसून होता. मी जे जे बोललो ते जगाआधी त्याला ऐकू गेलं असणार.

"घशात काय हाय का?" मी विचारलं. "आडवं काही?"

"काही नाही. घसा साफ आहे."

"नीट बघा."

"नीटच बघतेय, आजोबा."

मग माझ्याच तोंडून प्रश्न गेला. मी विचारला नाही, तो गेला. "हे केसाने बांधलं तर गळून पडतं का हो?"

"कसं पडेल? कातडी कापली जाईल, सडेल. आतलं मुळासकट तिथेच राहील. चामखीळ नाही ही."

"पण बाबांचं पडलं होतं," लेक म्हणाली. "उजवीकडचं."

मॅडमनी दांडा उजवीकडे नेला. वरून खाली, खालून वर. राखाडी पाऊस पडत राहिला. बदाम कुठेच नव्हता. त्यांनी दिवा ओढून माझी कातडीही पाहिली. "इकडे कधी काही होतं असं वाटत नाही. आत तुकडा नाही, वर व्रण नाही. सगळं कोरं आहे."

चाळीस वर्षांत इतिहासाचे प्रोफेसर माझ्या होडीत बसून गेले, वकील बसले, एकदा पोलीसही. मला कोणी पकडलं नव्हतं. लेकीने जेल पुसायला दिलेला कागद माझ्या हातात दिला आणि पोरीला पलंगावर चढवलं.

आंधळ्या डॉल्फिनने पोरीला नाक लावलं. ती निपचित पडून राहिली, माझं एक बोट मुठीत धरून. दोन बदाम दिसले, माझ्यापेक्षा लहान. उजव्याच्या भोवती सूज. त्यांच्यापासून घशाकडे जाणारी वाट नव्हती, मॅडमनी तीन वेळा शोधली. मग पोट. किडन्या दोन, जागच्या जागी. मी मनात समुद्राला नारळ बोलून टाकला.

"आता एक सांगा," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "असं असणाऱ्या काही मुलांत हृदयाचं किंवा कानाचंही काही असू शकतं. म्हणून विचारतेय. घरात आणखी कोणाला होतं?"

"माझ्या काकाला," लेक म्हणाली. "आजी सांगायची. लहानपणीच गेला तो. चांगला खेळता होता, दोन दिवसांत गेला."

मॅडमचं पेन थांबलं. "कशाने?"

"ताप म्हणायचे. कोणी म्हणायचं पाण्यातलं लागलं. नक्की माहीत नाही."

"हेच बोंड होतं आणि मूल अचानक गेलं, कारण माहीत नाही." मॅडमनी खुर्ची वळवली. "मग मी अशीच नाही सोडणार. मुंबईला पाठवावं लागेल, याच आठवड्यात. हृदयाची इको, आणि डोक्या-मानेचा एमआरआय. एवढं लहान मूल त्यात स्थिर राहत नाही, भूल द्यावी लागेल. जखम पिकलेली असताना भूल देणं मला आवडत नाही, पण त्या काकांचं कारण कळल्याशिवाय थांबणंही बरं नाही."

लेकीचा चेहरा उतरला. तिने पोरीला उचलून छातीशी धरलं. तिच्या डोळ्यांसमोर आता काय दिसतंय ते मला कळत होतं. घराण्यातलं बोंड, घराण्यातलं मरण, आणि मांडीवर आपलं पोर. नऊ वर्षांची असताना ती मला म्हणायची, बाबा, मला कधीच खोटं वाटत नाही तू सांगतोस ते.

थाप तयार होती. थापा माझ्याकडे नेहमीच तयार असतात. काका झाडावरून पडला. काकाला साप चावला. दोन्ही पुरल्या असत्या.

"धनुर्वाताने गेला," मी म्हणालो. "उजव्या बोंडाला घोड्याचा केस बांधला होता. आठ दिवस. मी बांधला. आयला सांगितलं, कालव लागलं."

झालं. पन्नास वर्षं जी गोष्ट मला कुठून सुरू करावी ते कळत नव्हतं ती एवढीच निघाली. मी आणखी काहीतरी शोधत होतो, घोडा, टांगा, टोपल्या; काही सापडेना.

"जबडा बसला होता?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"पाठ वाकली होती?"

"हो. आणि हसत होता."

"हसत नव्हता, आजोबा," त्या म्हणाल्या. मग मान खाली घालून लिहायला लागल्या. "तसं दिसतं फक्त."

इको कधीतरी सवडीने करून घ्या, तिला भूल लागत नाही, असं त्यांनी लेकीला सांगितलं. एमआरआयची घाई नको. जखम भरू दे, मग मुलांच्या सर्जनला दाखवा. ते दोन्ही बोंडं मुळासकट काढतील.

लेक माझ्याकडे बघत होती. मला वाटलं विचारेल, ही पण गोष्टच का? तेही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती पोरीच्या गळ्यावरची पट्टी नीट करत म्हणाली, "मी तिसरी गाठ मारणार होते."

एसटीत ती पुढच्या सीटवर बसली, पोरीला घेऊन. रेवदंड्याचा पूल आला, काशीदचा किनारा आला. वाळूवर दोन घोडे उभे होते. पोरगी त्यांच्याकडे बघून हात हलवायला लागली, तर लेकीने तिचं तोंड आत वळवलं.

त्यानंतर आमच्या घरात जेवण झालं, पाणी भरलं, जावयाचे फोन आले, पण ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. जखम भरायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी रोज सकाळी नातीपुढे भाकरी घेऊन बसायचो आणि म्हणायचो, आ कर. ती आ करायची, पडजीभ दिसेपर्यंत. तिला तो खेळ वाटायचा, ती हसायला लागायची. मी म्हणायचो, हसू नको, आ कर. आधी आ कर, मग हस. लस झालीय, इंजेक्शन झालंय, भीती नाही, हे मला डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. लेक चुलीपाशी उभी राहून हे बघायची. एकदाही थांबवलं नाही तिने मला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही मांडव्याहून बोटीने मुंबईला गेलो, मोठ्या हॉस्पिटलात. इको झाली होती, हृदय छान होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. एका सिस्टरने लेकीच्या हातात फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: कुटुंबात हा आजार आणखी कोणाला, नाते, वय, हयात की मयत, मयत असल्यास कारण. लेकीने पहिल्या ओळीत मला लिहिलं. मग दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून थांबली. तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"वय?"

"सहा," मी म्हणालो.

पेन हललं नाही.

"साडेपाच."

तिने साडेपाच लिहिलं. "नाव काय होतं त्याचं?"

मी नाव सांगितलं. घरात ते कोणी घेत नसे, म्हणून तिला ते माहीत नव्हतं. तिने ते नात्याच्या रकान्यात, काका या शब्दाशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं. तिथे नाव विचारलेलं नव्हतं.

"कारण?"

"लिही," मी म्हणालो, "मोठ्या भावाने घोड्याचा केस…"

"एवढी जागा नाहीये त्यात, बाबा."

तिने 'धनुर्वात' एवढंच लिहिलं. मग पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, "हिला धर, मला पुढे सह्या करायच्या आहेत," आणि पान उलटलं.